दोन कप्प्यांची खिडकी

सोमवारी सकाळी शेजारच्या खोलीतून ठक ठक ठक असा आवाज सुरू झाला, तेव्हा धाकटीला आधी वाटलं, सासूबाई भिंतीत खिळा मारतायत. मग लक्षात आलं, आवाज कीबोर्डचा आहे. एकच बटण पुन्हा पुन्हा दाबलं जात होतं, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात.

"अगं, इकडे ये जरा," हाक आली. "काल काय करून ठेवलंयस हे?"

काल धाकटीने मोठ्या हौसेने सासूबाईंचं मशीन अपग्रेड करून दिलं होतं. कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. "आई, किती जुनं झालंय हे, सुरक्षितसुद्धा नाही. द्या, मी करते," असं म्हणून तिने रविवारची सगळी दुपार त्यात घातली होती. नवं चित्र, ठसठशीत अक्षरं, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या. संध्याकाळी सासूबाई "छान दिसतंय हो," म्हणाल्याही होत्या. पण दिसणं वेगळं आणि नांदणं वेगळं.

"हे बघ." सासूबाईंनी फाइलींची खिडकी उघडली आणि एफ-थ्री दाबलं. काहीच झालं नाही. "हे दाबलं की खिडकीचे दोन कप्पे व्हायचे. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे दुरुस्त केलेले. कुठे गेला माझा दुसरा कप्पा?"

"नव्यात तो... नाहीये बहुतेक."

"नाहीये म्हणजे? परवापर्यंत होता की."

"काढून टाकलाय."

"कुणी?"

धाकटीने स्क्रीनकडे पाहिलं. "बनवणाऱ्यांनी," ती म्हणाली, आणि चहाचं आधण उतू जातंय असं काहीतरी पुटपुटत बाहेर सटकली. आधण ठेवलेलंच नव्हतं.

सासूबाई जुने फोटो दुरुस्त करायच्या. नवऱ्याच्या पश्चात घराच्या मागच्या खोलीत त्यांनी स्कॅनर मांडला, रंगाचा प्रोग्रॅम शिकून घेतला आणि बघता बघता गावभर त्यांचं नाव झालं. फाटलेले, पाण्यात भिजलेले, बुरशीने खाल्लेले फोटो लोक त्यांच्याकडे आणून द्यायचे, आणि त्या नाक, कान, पदर, कॉलर तुकड्यातुकड्याने जुळवून माणसं परत उभी करायच्या. जिभेला धार होती, पण गिऱ्हाईक त्यांना सोडून जात नसे. एवढं मन लावून काम करणारं दुसरं होतं कोण?

धाकटी त्यांची धाकटी सून. थोरली दूर परदेशी होती, घरात सून अशी हीच, तरी नाव मात्र धाकटीच पडलं. ती भिंतीपलीकडच्या खोलीत बसून नोकरी करायची. काय करते, हे घरात कुणी नीट विचारलं नव्हतं. "कॉम्प्युटरमधलं काहीतरी" एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. नवऱ्याला मात्र माहीत होतं. ज्या टीमने ती फाइलींची खिडकी बनवली होती, त्या टीममध्ये धाकटी होती. आणि दुसरा कप्पा काढण्याचं काम तिने स्वतःच्या हाताने केलं होतं. ते पार पडलं त्या दिवशी तिने नवऱ्याला बाहेर जेवायला नेलं होतं.

त्या रात्री जेवताना सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"कप्पा तर नेलाच, वर अजून काय काय नेलंय. पूर्वी फोल्डर उघडून 'ब' दाबलं की 'ब'वरच्या नावावर उडी पडायची. आता 'ब' दाबलं की सगळ्या मशीनभर शोध सुरू होतो! अगं, मला पलीकडच्या खुर्चीवर बसायचंय आणि हा माझ्यासाठी गावभर दवंडी पिटतोय. मागे जायचं बटण होतं, तेही मुकं झालंय. चोर घरात शिरले तरी एवढं धुऊन नेत नाहीत."

"आई, सवय होईल," मुलगा म्हणाला आणि पानातून मान वर न करता त्याने बायकोकडे एक कटाक्ष टाकला.

"सवय मला होईल रे. पण हे ज्याने काढलं ना, त्याच्या घरची सगळी दारं कुणीतरी अशीच उचलून न्यावीत. मग म्हणावं, बस, होईल सवय!"

धाकटीला जोराचा ठसका लागला. सासूबाईंनीच उठून तिच्या पाठीवर थोपटलं. "सावकाश जेव गं," त्या म्हणाल्या.

खोलीत गेल्यावर नवरा गालातल्या गालात हसत होता. "दारं कधी काढायची आपली?"

"हसू नकोस. सांगायला हवं होतं मी तिथल्या तिथे."

"मग सांग."

"कसं सांगू? पाठ थोपटत होत्या माझी."

पुढचा आठवडा धाकटीचं कामात लक्ष लागेना. भिंत पातळ होती. पलीकडून माउसचं क्लिक ऐकू यायचं, मग थोडी शांतता, मग एक लांब सुस्कारा, मग पुन्हा क्लिक. पूर्वी हे आवाज तिच्या कानावर पडतच नव्हते, पावसाळ्यात पागोळ्या ऐकू येईनाशा होतात तसे. आता एकेक क्लिक अंगावर यायचं. ती मधेच उठायची, पाणी प्यायची, खिडकी उघडायची, पुन्हा लावायची. काम सोडून ती लोकांच्या तक्रारी उघडून बसायची. दुसरा कप्पा गेला म्हणून जगभरातून लोकांनी शिव्या घातल्या होत्या, आणि त्या सगळ्यांना तिने महिन्यांपूर्वी एकच सभ्य उत्तर देऊन ठेवलं होतं: दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या की तेच काम होतं; ओढून न्या, नाहीतर बटणांनी कापून चिकटवा.

तेच उत्तर घेऊन ती सासूबाईंकडे गेली. एक खिडकी डावीकडे लावली, एक उजवीकडे. "हे बघा आई. इकडचं उचलायचं, तिकडे सोडायचं."

"आणि पूर्वी एका बटणात इकडचं तिकडे जायचं ते?"

"आता माउसने ओढून न्यायचं. किंवा कापून चिकटवायचं."

"कापून चिकटवायचं," सासूबाई म्हणाल्या. "कापलं आणि मधेच फोन आला तर? काय कापलं होतं, कुठे चिकटवायचं होतं, विचारायचं कुणाला?" तरी त्यांनी माउस हातात घेतला. "बरं. जा तू. तुझं काम पडलं असेल."

धाकटी दारात घुटमळली. सासूबाई माउस धरून तशाच बसल्या होत्या, ती जाण्याची वाट पाहत. ती गेल्यावरच पलीकडून क्लिक ऐकू आलं.

मग एका सकाळी बेकरीवाला आला. कोपऱ्यावरची बेकरी त्याची. उंचापुरा, गोरटेला, अंगाला पिठाचा वास. हातात फोटोचं पाकीट होतं, आणि चेहऱ्यावर रागावं की हसावं हे न ठरलेल्या माणसाचा भाव.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या आईला मिशा नव्हत्या."

सासूबाईंनी पाकीट उघडलं. आत झुबकेदार मिशांचे, कोट घातलेले एक गृहस्थ बसले होते. ते शाळेतल्या एका शिक्षिकेचे वडील. त्यांचंही काम सासूबाईंकडेच होतं. तयार फोटोंचा फोल्डर त्या छापखान्याला पाठवायच्या, तिथून छापून पाकीट परस्पर गिऱ्हाइकाकडे जायचं.

"घरी सगळ्यांना बोलावलं होतं हो," बेकरीवाला म्हणाला. "बहीण आली, मामा आले. आईला बघायचं म्हणून पाकीट उघडलं, तर हे साहेब. मामा म्हणाले, जावईबापू आहेत का हे कुणाचे?"

सासूबाई हसल्या नाहीत. "दुसऱ्या पाकिटात गेला असेल. बसा. आत्ता पाठवते बरोबर फोटो," म्हणत त्या मशीनकडे वळल्या. बेकरीवाला बसला. धाकटी आवाज ऐकून दारात येऊन उभी राहिली होती. सासूबाईंनी एक फोल्डर उघडला, दुसरा उघडला, पुन्हा पहिला. मग त्या स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, "उद्या आलात तर चालेल का? छापखान्याचा गोंधळ दिसतोय."

तो गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. आतून ना क्लिक, ना सुस्कारा.

धाकटीला ती शांतता सहन होईना. तिने दोनदा दारावर टकटक केली. तिसऱ्यांदा ती सरळ आत शिरली. "काय झालं, आई?"

"बदलला गेला," सासूबाई म्हणाल्या. "स्कॅनर सगळ्यांना एकच नाव देतो. मिशावाले साहेब बेकरीवाल्याच्या आईच्या फोल्डरमध्ये पडले. मशीनने विचारलं, या नावाची फाइल आहे, बदलायची का? मला वाटलं, माझ्याच फोल्डरमध्ये आहे मी. मी म्हटलं, बदल." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "कामाची कच्ची फाइल मी काम झालं की पुसते. आता फक्त मूळ स्कॅन आहे. अर्धा चेहरा बुरशीने खाल्लेला."

तो फोटो धाकटीला आठवत होता. बेकरीवाल्याच्या आईचा तेवढा एकच फोटो होता. उजवा डोळा आणि गाल नव्हताच. सासूबाईंनी बेकरीवाल्याच्या बहिणीला समोर बसवून तिच्या डोळ्यावरून तो डोळा घडवला होता. कितीतरी दिवस सासूबाई त्या एका डोळ्यातच गुंतल्या होत्या. स्क्रीनवर पुरा चेहरा पाहून बेकरीवाला बाहेर पायरीवर जाऊन बसला होता.

धाकटीने गेलेली फाइल परत मिळवायचे सगळे उपाय करून पाहिले. दुपार गेली. फाइल मिळाली नाही. शेवटी ती म्हणाली, "आई, फाइल तिकडे पडली कशी? मला करून दाखवा. जसं रोज करता तसं."

हे ती कामावर कितीतरी लोकांना सांगायची. माणसाला खुर्चीवर बसवायचं, मागे उभं राहायचं, बोलायचं नाही, फक्त बघायचं.

"काय दाखवायचंय त्यात?"

"एकदाच."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग माउस हातात घेतला, एक फोटो दाबून धरला आणि डाव्या खिडकीतून उजवीकडे न्यायला लागल्या. स्क्रीनवरचा बाण चालत नव्हता, थरथरत होता. फोटो वेडावाकडा सरकत गेला. मधे बोट सुटलं आणि तो वाटेतल्याच एका फोल्डरवर पडला. त्यांनी परत उचलला. हात आता मनगटापासून हलत होता. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट दाबून धरलं, तशी धाकटीची नजर स्क्रीनवरून हातावर आली आणि तिथेच राहिली.

माउस बाजूला ठेवून सासूबाई म्हणाल्या, "झालं समाधान?"

"कधीपासून आहे हे?"

"आहे. तुझ्या नवऱ्याला काही सांगायचं नाही. आल्या पावली मशीन उचलून माळ्यावर टाकेल आणि म्हणेल, आई, आता आराम कर."

"पण तुम्ही फोटो कसे—"

"पेन चालतं. मनगट टेकवता येतं, चित्र वाटेल तेवढं मोठं करता येतं, आणि रेघ हलली तर प्रोग्रॅम सावरून घेतो. तो हात सांभाळतो माझा. हे नुसतं दाबून धरायचं आणि ओढत न्यायचं, हे नाही जमत. कप्पे होते तोवर ओढायची गरजच नव्हती. एक बटण दाबलं, काम झालं. कुणाला कळायचं कारण नव्हतं." त्या थांबल्या. "मलाही."

बोलायचं की नाही, हे ठरवायच्या आतच धाकटीच्या तोंडातून शब्द बाहेर पडले.

"आई, तो कप्पा मी काढला."

"तू नाही गं, अपग्रेडने—"

"तसं नाही. अपग्रेडमधून मी काढला. ही खिडकी आमची टीम बनवते. ते काम माझ्याकडे होतं."

सासूबाईंना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. तो लागताना धाकटीला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"का?" त्यांनी विचारलं.

धाकटीने सांगितलं. आपण नेमके कोणत्या कप्प्यात आहोत, हे लोकांना कळत नसे. एका कप्प्यातलं पुसायला जायचे आणि दुसऱ्यातलं पुसलं जायचं. लोकांच्या फाइली जायच्या. शिवाय आतली रचना इतकी जुनी झाली होती की एक टाका घातला की दुसरीकडे उसवायचं. वापरणारेही फार थोडे उरले होते.

"म्हणजे फाइली जाऊ नयेत म्हणून काढलं," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"बरं झालं."

त्या बोलण्याने धाकटीचे कान तापले. "तुम्ही तो वापरता हे मला माहीतच नव्हतं, आई."

"भिंतीपलीकडे बसतेस. किती वर्षं झाली?" सासूबाई खुर्चीतून उठल्या. "जा आता. मला जरा एकटीला राहू दे."

दोन-तीन दिवस घरात बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. मीठ दे, दार लाव, फोन वाजतोय. "तुमचं काय बिनसलंय?" नवऱ्याने विचारलं. "काही नाही," असं दोघी एकदम म्हणाल्या, आणि त्याला खात्री पटली की प्रकरण भारी आहे.

धाकटी घरभर येरझारा घालायची. सासूबाईंची बाजू पटत होती आणि स्वतःचीही पटत होती, हीच मोठी पंचाईत. आठवड्याच्या बैठकीत तिने टीमच्या प्रमुखासमोर विषय काढला. तो सालस माणूस होता, आवाज न चढवणारा.

"दुसरा कप्पा परत आणता येईल का?" तिने विचारलं.

"कुणासाठी?"

"काही लोकांचे हात थरथरतात. त्यांना ओढून नेता येत नाही."

"खरं आहे ते," तो म्हणाला. "पण त्यांना बटणांनी काम करता यावं म्हणून कापून चिकटवण्याची सोय आहे. तूच लिहिलं होतंस." आणि त्याने तिचंच उत्तर वाचून दाखवलं. टोमणा मारायचा म्हणून नव्हे, आठवण म्हणून. "आणि आपण चौघं आहोत. जुना कप्पा परत आणला तर त्याची दुखणी कोण काढेल? तू काढशील, तर आण."

त्याच्या जागी ती असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, कदाचित याहून जरा तुटकपणे. तेवढ्यात तो म्हणाला, "बाहेरून जोड लावता येते की. छोटं काहीतरी लिही. आपल्या अंगावर नको, त्या माणसापुरतं. पण अपग्रेड आलं की मोडेल, हे सांगून ठेव."

त्याच दुपारी ती सासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. "मी तुमच्यासाठी एक बटण करते. पूर्वीसारखं नाही होणार, पण ओढावं लागणार नाही."

"कर."

"पण तुम्ही डॉक्टरकडे यायचं."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अडवून धरतेस होय मला? माझाच कप्पा काढायचा आणि वर माझ्याशीच सौदा करायचा?"

"हो," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचं आर्जव नव्हतं. सासूबाईंना ते ऐकून बरं वाटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "तुझी जीभ माझ्या वळणावर चाललीये. कधी जायचं?"

दवाखान्याच्या बाकावर सासूबाई पर्सचा बंद उघडत-मिटत बसल्या होत्या. "तुझ्या नवऱ्याच्या मित्राच्या वडिलांना झालं होतं ते," त्या मधेच म्हणाल्या. "कंपवात. शेवटी घास भरवावा लागायचा." धाकटीने त्यांचा हात हातात घेतला नाही. तो घेतलेला त्यांना आवडला नसता. ती फक्त जरा जवळ सरकून बसली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हात पुढे करायला लावले, नाकाला बोट लावायला सांगितलं, मग मांडीवर हात नुसते सैल ठेवून बसायला सांगितलं. कागदावर गोल गोल चकलीसारखी रेघ काढून घेतली. सासूबाईंनी ती काढली आणि त्या रेघेकडे बघवेना म्हणून कागद उलटा करून दिला.

"घरात आणखी कुणाला होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "माझ्या वडिलांचा कप बशीवर वाजायचा. आम्ही भावंडं हसायचो. त्यांना वाटायचं, आम्ही खेळतोय म्हणून हसतोय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुम्ही घाबरताय तो आजार हा दिसत नाही. त्यात हात निवांत असताना हलतो. तुमचा हलतो तो कामाला लावल्यावर. हा घराण्यातून येतो, हळूहळू वाढतो, पुरता जात नाही. गोळीने बराच आटोक्यात येतो. "आणि चहा कमी करा."

"किती कमी?"

"जेवढा घेता त्याच्या निम्मा. निम्म्याहून कमी केलात तर उत्तम."

आजाराची बातमी सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतली होती. चहाचं ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला. "कप्पा नेला, आता चहाही नेला," परतताना त्या म्हणाल्या. धाकटीला हसू आलं आणि आपण हसावं का, हे न कळून ती रस्त्याच्या पलीकडच्या दुकानांकडे बघायला लागली. मग शेजारून आवाज आला, तेव्हा कळलं की सासूबाईच हसतायत.

मुलाला त्यांनी त्याच दिवशी जेवताना सांगितलं, भाजी वाढता वाढता, हवापाण्याच्या सुरात. तो मशीन माळ्यावर टाकण्याबद्दल काही बोलला नाही. नुसता आईच्या हाताकडे बघत राहिला, तशा त्या म्हणाल्या, "हाताकडे काय बघतोस? पानात बघ. सांडलंयस."

बटण तयार व्हायला आठवडा लागला. निवडलेली फाइल एफ-थ्री दाबलं की शेजारच्या दुसऱ्या खिडकीत जायची. तिथे त्याच नावाची फाइल असली, तर नुसता प्रश्न विचारून भागत नव्हतं. दोन्ही फोटो मोठे होऊन समोरासमोर यायचे. ही सासूबाईंची अट होती. "मला अक्षरं नको दाखवूस," त्या म्हणाल्या होत्या. "तोंडं दाखव. मिशा असल्या तर मला कळेल." पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा फाइल भलत्याच खिडकीत गेली. दुसऱ्यांदा खिडकीच बंद पडली. सासूबाई मागे उभ्या राहून सूचना करायच्या, धाकटी "कळलं हो," म्हणायची, दोघींचे आवाज चढायचे, आणि नवरा कानात बोळे घालून दुसऱ्या खोलीत जायचा.

"पूर्वीसारखं नाही झालं," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"नाही झालं."

"पूर्वी एकच खिडकी होती. आता दोन सांभाळायच्या. एखादी मागे लपून बसते."

"ते मला नाही जमलं, आई."

"असू दे." त्यांनी आणखी एकदा बटण दाबलं. फाइल गेली. "असू दे. चालतंय."

बेकरीवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. छापखान्याचं नाव घेतलं नाही. माझ्या हाताने गेला, म्हणाल्या, परत करून देते, तुमच्या बहिणीला पुन्हा एकदा पाठवा. तो पाव भरलेली पिशवी त्यांच्या हातात देऊन आत गेला. तो रागावला होता की काय, हे त्यांना कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बहीण आली.

गोळीने हात जरा निवला होता, पुरता नाही. सासूबाई सकाळच्या वेळी काम करायच्या, मनगट टेकवून, चित्र एवढं मोठं करून की पापणी हातभर व्हायची. डोळा पहिल्यासारखा होईना. पहिल्या वेळी तो सहज येऊन बसला होता. आता त्या काढायच्या, पुसायच्या, उठून खोलीत फिरायच्या, पुन्हा बसायच्या. फाइली इकडून तिकडे न्यायची वेळ आली की कधी बटण दाबायच्या, कधी कंटाळून "अगं, एवढं पाठव गं," अशी हाक मारायच्या. धाकटी काम अर्धं टाकून यायची. येता येता ती डोळ्याकडेही बघायची, पण मत द्यायची नाही.

फोटो न्यायला बेकरीवाला आला, तो मामांना घेऊनच. या वेळी छापखान्यावर न सोडता सासूबाईंनी पाकीट घरी मागवून स्वतः उघडून बघितलं होतं. मामांनी फोटो उजेडात धरला. खूप वेळ धरला. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"पहिल्यात ती हसत होती थोडी," बेकरीवाला म्हणाला. "ही जरा रागावलीये."

"डोळा तसाच आलाय," सासूबाई म्हणाल्या. "हवा तर पुन्हा—"

"नको हो," मामा म्हणाले. "पहिला मी पाहिला नाही. पण ही आमची ताईच आहे. हसायची ती दुसऱ्यांच्या घरी. आमच्याकडे अशीच बघायची."

बेकरीवाला हसला, मग त्याला हुंदका आला, मग तो दोन्ही एकदमच करू लागला. मामांनी त्याला हाताला धरून नेलं.

पुढचं अपग्रेड आलं, तेव्हा धाकटीने आधीच बजावलं होतं, तरी सासूबाईंनी हौसेने "हो" दाबलं. त्यांना गोल कोपरे आवडले होते. आता आणखी काय गोल झालंय, ते बघायचं होतं. बटण अर्थातच मोडलं. ठक ठक ठक असा आवाज आला, मग धाकटी आली, खुर्चीवर बसली आणि तुटलेला धागा शोधायला लागली. सासूबाई खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. त्यांनी आतलं नाव बदललंय एक."

"त्यांनी म्हणजे तूच की नाही?"

"या वेळी मी नाही. दुसऱ्याने."

"मग सांग त्याला."

"सांगते."

खुर्चीच्या पाठीवर सासूबाईंची बोटं वाजत होती. ती थरथर होती की घाई, हे बघायला धाकटीने मान वळवली नाही. पलीकडे तिच्या खोलीत बैठकीची घंटा वाजत होती. तिने ती वाजू दिली.

"झालं का?"

"होतंय."